डावा डोळा मिटेपर्यंत

इटलीतल्या कोर्तेसाला गावात ओत्तावियाच्या बरणीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान ओत्तावियाला तसं वाटत होतं, आणि तिला जे वाटतं ते खरं नसेल असं अडुसष्ट वर्षांत कोणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. एकीने बोलून पाहिलं होतं. तिच्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती.

बरणी म्हणजे जार्दिनिएराची. बागेतल्या भाज्या व्हिनेगरात मुरवून केलेलं लोणचं. गावात ते घरोघरी होई, पण गल्लीतला कोणी पाहुण्यापुढे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चकत्या मांडायला लागला की पाहुणा आधी विचारायचा, बरणी कोणाची? ओत्तावियाची म्हटलं की खुर्ची पुढे ओढून बसायचा. हे तिच्या आईपासून चालत आलेलं होतं. आई गेली, नाव राहिलं, आणि ते नाव ओत्ताविया दर सप्टेंबरात कढई घासावी तसं घासून लख्ख करायची.

तिची पद्धत ठरलेली. गाजर, फ्लॉवर, सेलेरीचे दांडे, बडीशेपेचे पांढरे गड्डे, फरसबी, बोराएवढे कांदे आणि शेवटी लाल-पिवळी ढोबळी मिरची. सगळे तुकडे एका मापाचे, करंगळीच्या पहिल्या पेराएवढे. पातेल्यात कडक भाजी आधी, मऊ नंतर. गाजराला फ्लॉवरआधी चार मिनिटं, मिरचीला नुसता एक चटका. हे कोणालाही शिकता येईल. खरी मेख होती ती पाण्यात. व्हिनेगर घरचं, तळघरातल्या बुधल्यातलं. ते दर वर्षी वेगळं उतरायचं, एखाद्या वर्षी मवाळ, एखाद्या वर्षी घसा सोलणारं. मग त्यात पाणी किती घालायचं याला माप कुठून असणार? आईचं माप एकच होतं. चमच्याने घोट घ्यायचा, आणि आंबटाने डावा डोळा आपोआप मिटला की थांबायचं. दोन्ही मिटले तर पाणी घाला. एकही नाही मिटला तर व्हिनेगर घाला. त्या घरात जन्मलेल्या बायकांचा डावाच डोळा का मिटायचा हे देवाला ठाऊक, पण मिटायचा.

तीन हिवाळ्यांपूर्वी ओत्तावियाला ताप आला. पंधरा दिवसांनी ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पियाचेंझा शहरातल्या डॉक्टरने नाकात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाला, "येईल परत, नाहीतर नाही येणार." एवढं सांगायला शिकावं लागतं होय, असं मनात म्हणत ती बसने घरी आली. तिने हे कोणाला सांगितलं नाही. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं. जिचं नाव जिभेवर उभं, तिने जीभ गेली म्हणून गावभर सांगत सुटायचं? झाकली मूठ झाकलेली बरी.

तेव्हापासून ती अंदाजाने करत होती. मीठ हाताच्या सवयीने, साखर डोळ्याच्या. व्हिनेगराचा घोट घ्यायची, जिभेवर ओलं काहीतरी लागायचं, आणि मग ती डावा डोळा मिटायची. आपला आपणच. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नसायचं, तरी मिटायची.

या वर्षी ऑगस्टात तिने तळघराला चुना दिला. गवंड्याने वेताच्या जाळीतले दोन्ही बुधले बाहेर काढले आणि भिंती वाळल्यावर परत आत ठेवले. आईच्या काळापासून व्हिनेगर डावीकडे आणि पांढरी वाइन उजवीकडे. गवंड्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. रंग दोन्हींचा सारखाच, फिकट गवतासारखा. नाक शाबूत असलेल्या माणसाने बूच काढताच ओळखलं असतं. सप्टेंबरात ओत्तावियाने डावीकडच्या बुधल्यातून तांब्यामागून तांब्या भरला, पाणी घातलं, मीठ, साखर, मिरी, तमालपत्र घालून उकळलं. उकळताना दर वर्षीसारखे डोळे झोंबले नाहीत हे तिच्या लक्षात आलं होतं. तिला वाटलं, नाकापाठोपाठ आता डोळेही गेले. वाईट वाटलं तिला, पण हात थांबले नाहीत. डावा डोळा मिटून तिने गाजरं सोडली.

चाळीस दिवस मुरवून सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, बरण्या वाटायच्या आणि नाताळच्या उकडलेल्या मांसाबरोबरच त्या उघडायच्या, ही गल्लीची रीत. तिने चौदा वाटल्या. तेरा दार वाजवून हातात दिल्या. चौदावी कालव्याकाठच्या शेवटच्या घराच्या खिडकीत ठेवली आणि मागे न बघता परतली.

ते घर झाइराचं, धाकट्या बहिणीचं. आईच्या मयतीच्या जेवणाला ओत्तावियाने स्वतःच्या हातची बरणी उघडली होती. साठ माणसं टेबलाला, फादर काल्लिस्तो मधोमध. झाइराने एक तुकडा तोंडात टाकला, चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ कमी आहे." बस. पुढे जे झालं ते मिठाबद्दल नव्हतंच. घर कोणाला मिळालं, आईचं दुखणं कोणी काढलं, कोण दर रविवारी यायचं आणि कोण यायचं नाही, सगळं निघालं. पण दोघींच्या डोक्यात राहिलं ते मीठ. तरी गल्लीतलं एकही घर बरणीशिवाय ठेवायचं नाही हा आईचा नियम होता, आणि आईचा नियम मोडायची ओत्तावियाची छाती नव्हती. म्हणून खिडकी. आणि दर जानेवारीत एके सकाळी ओत्तावियाच्या पायरीवर ती बरणी रिकामी, धुतलेली, झाकण उलटं ठेवलेली मिळायची. अकरा वर्षांचा दोघींचा संवाद तो एवढाच.

अकरा नोव्हेंबर, संत मार्तीनचा दिवस. त्या दिवशी नवी वाइन चाखतात, आणि फादर काल्लिस्तो दुपारी एकेका घरी टेकत गल्ली संपवतात. ओत्तावियाने गरम गरम तळलेल्या पिठाच्या पुऱ्या केल्या, मांस कापून ठेवलं, आणि उजवीकडच्या बुधल्यातून चंबू भरून आणला.

"घ्या फादर. जुनी आहे, गेल्या सालची. नवी अजून गढूळ आहे."

फादरनी ग्लास उजेडात धरला, कौतुकाने मान डोलावली आणि मोठा घोट घेतला. मग त्यांचा डावा डोळा मिटला.

ओत्ताविया समोर उभी होती. फादर सभ्य माणूस. पाद्र्याला चाळीस वर्षांत लोकांच्या घरी काय काय गिळावं लागतं हे त्यालाच माहीत. त्यांनी गिळलं, रुमालाने ओठ टिपले, आणि म्हणाले, "छान आहे. जरा... ताजीतवानी आहे." आणि ग्लास पुरीच्या ताटाआड सरकवला.

पण ओत्तावियाने डोळा पाहिला होता. असा डोळा तिने लहानपणापासून चुलीसमोर पाहिला होता. तीन वर्षांत आपला स्वतःचा तसा एकदाही मिटला नव्हता, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

फादर गेल्यावर ती तळघरात उतरली. बोट बुडवून चाटण्यात अर्थ नव्हता. तिने दोन वाट्या घेतल्या, दोन्ही बुधल्यांतलं थोडं थोडं घेतलं आणि प्रत्येकात चमचाभर खायचा सोडा टाकला. उजवीकडची वाटी फसफसून उतू गेली. डावीकडचीत चार बुडबुडे आले आणि विरले. मग तिने फळीवरची या वर्षीची स्वतःची बरणी उघडली, त्यातल्या पाण्यात सोडा टाकला. चार बुडबुडे.

ती पायरीवर बसली. वाइन आणि पाणी. चौदा घरांत तिने वाइन आणि पाण्यात बुडवलेल्या भाज्या दिल्या होत्या, घट्ट झाकण लावून. आंबट नसलेल्या बंद बरणीत विष धरतं हे त्या मुलखात पोरांनाही माहीत असतं. ते दिसत नाही, त्याचा वास येईलच असं नाही, आणि ज्याच्या पोटात जातं तो आधी डोळ्यांनी दोन दोन बघायला लागतो, मग श्वास अडकतो. आईच्या लहानपणी शेजारच्या गावात एक अख्खं घर तसं गेलं होतं. आई ती गोष्ट दर सप्टेंबरात सांगायची आणि मग घोट घ्यायची.

लोक नाताळापर्यंत थांबतात, ओत्तावियाने स्वतःला समजावलं. बरण्या अजून बंद असणार. सगळ्या परत आणायच्या. कारण सांगायचं, झाकणं खराब निघाली, आतून गंजतात. खोटं बोलायला तिला काही वाटलं नाही. जीव वाचला की खोटंही धुऊन निघतं. तिने लाकडं वाहायची एकचाकी गाडी काढली, तळाशी घोंगडी घातली आणि पहिलं दार वाजवलं.

पहिलं दार बेकरीवाल्या नोर्माचं. नोर्मा पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"झाकणं होय? बरं झालं बाई सांगितलंत, मावशी. थांबा हं." आणि ती इतक्या चटकन आत जाऊन बरणी घेऊन आली की ओत्तावियाला जरा बरंच वाटलं. पण नोर्माच्या दुसऱ्या हातात आणखी एक बरणी होती. "ही पण घेऊन जा. हीच झाकणं असतील ना, गेल्या वर्षीची?"

ओत्तावियाने चिठ्ठी पाहिली. तिचंच अक्षर, गेल्या सप्टेंबरचं. झाकणाचं सील तसंच.

"ही उघडली नाहीस?"

"राहूनच गेलं हो. नाताळात इतकी गडबड असते बेकरीत." नोर्माने हात पुसले, पुसून झालेले परत पुसले. "आणि आमच्या ह्यांना आंबट सोसत नाही आताशा."

दुसऱ्या घरी दोन बरण्या निघाल्या. तिसऱ्या घरी तीन, त्यातली एक अर्धी, वर पांढरी बुरशी आलेली. चौथ्या घरच्या सुनेने सासूकडे पाहिलं, सासूने सुनेकडे, आणि मग सासूच पोटमाळ्यावर चढली. कोणी म्हणालं विसरलो, कोणी म्हणालं खास पाहुण्यांसाठी ठेवली होती, कोणाला दात नव्हते. माणसं खोटं बोलताना किती एकसारखी बोलतात. ओत्ताविया झाकणांचं खोटं सांगत होती आणि लोक तिला बरण्यांचं सांगत होते. सगळ्यांचे चेहरे मात्र हलके झालेले, काखेतलं गळू फुटल्यासारखे.

ट्रॅक्टरवाला एरमेते तर गाडी ढकलायला पुढे आला. "काकू, एवढ्या बरण्या? दुकान काढताय का?"

"तू तुझं बघ."

"माझ्या पण दोन आहेत की. आणतो, थांबा."

गल्लीच्या मध्यावर निवृत्त मास्तर गाल्दीनो राहायचे. मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या, त्यामुळे खोटं बोलायची त्यांना सवयच उरली नव्हती. त्यांनी तीन बरण्या ओळीने टेबलावर मांडल्या.

"ओत्तावियाबाई, बसा."

"बसायला वेळ नाही. झाकणं..."

"झाकणांना काही झालेलं नाही." मास्तरांनी पहिल्या बरणीवर बोट ठेवलं. "ही तुमच्या तापानंतरची. खारट. आम्ही दोघांनी एकेक तुकडा खाल्ला आणि रात्रभर पाणी पीत बसलो. ही त्यानंतरची. हिचा मुरांबा झालाय. या वर्षीची उघडलीच नाही. उघडणारही नव्हतो."

ओत्ताविया उभीच राहिली. तिला फार राग आला.

"मग घेता कशाला? दर वर्षी दारात उभे राहून 'वा ओत्तावियाबाई, वाटच बघत होतो' म्हणता ते कशाला?"

"तुम्ही दार वाजवता. नवा रुमाल बांधलेला असतो डोक्याला. दोन्ही हातांत धरलेली बरणी असते." मास्तरांनी चष्मा काढला. "तुम्हीच सांगा, काय म्हणायचं?"

"खारट आहे म्हणायचं."

"एकदा कोणीतरी म्हणालं होतं," मास्तर म्हणाले. "आम्ही सगळे होतो त्या जेवणाला. पुढे काय झालं तेही पाहिलं."

तिने तिन्ही बरण्या उचलल्या, मास्तरांनी मदतीला पुढे केलेला हात झिडकारला आणि बाहेर पडली. गाडीचं चाक दगडांवरून खडखडत होतं आणि प्रत्येक खडखडाटाला आतल्या बरण्या एकमेकींवर आपटत होत्या. तीन वर्षं. तीन वर्षं ही सगळी माणसं तिच्या मागे तोंड वाकडं करत होती आणि पुढे गोड बोलत होती. आणि ती, वेडी, नाताळच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर मुद्दाम रेंगाळत होती, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. लोक म्हणायचेही. "झकास हं, मावशी." तिला कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. कोणाच्या ते ठरेना, मग तिने चाकालाच लाथ घातली.

घरी येऊन मोजल्या. या वर्षीच्या तेरा परत आल्या होत्या, सगळ्या सीलबंद. जुन्या एकोणीस. उरली एक.

झाइराची.

आणि तेव्हा ती खरी घाबरली. कारण कोर्तेसालात दर वर्षी बरणी उघडून, संपवून, धुवून परत पाठवणारं घर एकच होतं. बाकी गाव खात नव्हतं म्हणून वाचलं होतं. झाइरा खात होती. शिवाय झाइराने जन्मात कधी रीत पाळली नव्हती. नाताळापर्यंत थांबेल तर ती झाइरा कसली. बरणी खिडकीत ठेवून दहा दिवस झाले होते.

ओत्ताविया गाडी तिथेच टाकून निघाली. अडुसष्टाव्या वर्षी पळता येत नाही, पण ती चालत होती असंही म्हणता येणार नाही.

कालव्याकाठचं घर बंद दिसलं. दिवस मावळायला अजून तास होता, तरी खिडक्यांची लाकडी दारं लावलेली. धुराड्यातून धूर नाही. खिडकीत बरणी नाही. तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. पलीकडे एरमेते ट्रॅक्टर आत घेत होता.

"झाइरामावशी? रविवारपासून दिसली नाही बघा. चर्चला पण नव्हती."

"आणि तुम्ही कोणी बघितलं नाही जाऊन?"

"काकू, तिला बघायला गेलं की ती शिव्या घालते," एरमेते म्हणाला. आणि मग, ओत्तावियाचा चेहरा पाहून, त्याने इंजिन बंद केलं.

ओत्ताविया घराला वळसा घालून मागे गेली. भाजीचे वाफे, कोंबड्यांचं खुराडं. वाफ्यांच्या कडेला माती नुकतीच उकरून दाबलेली, हातभर लांब. तिला काहीच सुचेना. मी मारली, एवढंच डोक्यात. जिच्याशी मिठावरून अकरा वर्षं बोलले नाही, तिला मी मारली, आणि तेही आईच्या बरणीने. तिने मागचं दार खांद्याने ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे ती जवळजवळ तोंडावर आपटत आत गेली.

चुलीपाशी झाइरा बसली होती. डोक्याभोवती लोकरीची शाल, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, नाक टोमॅटोसारखं लाल. रेडिओ मोठ्याने चालू. तिने दाराकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलली.

"दार लाव. वारा येतोय."

ओत्तावियाने दार लावलं. मग भिंतीला टेकली.

"बरणी," ती म्हणाली. "बरणी खाल्लीस का?"

"कुठली बरणी?"

"झाइरा, जीव घेऊ नकोस माझा. या वर्षीची. खिडकीतली."

झाइराने हात लांब करून रेडिओ बंद केला. "ती होय. ती पुरली."

"पुरली?"

"त्याच दिवशी उघडली. नाक लावलं तर नुसता दारूचा वास. झाकण हळूच फुस्स झालं, ते वेगळंच. कोंबड्यांना घालणार होते, पण म्हटलं कोंबड्यांनी काय पाप केलंय." तिने खिडकीच्या कठड्याकडे हनुवटी केली. तिथे बरणी उभी होती, धुतलेली, झाकण उलटं. "हात साबणाने दोनदा धुतले. बरणी उकळली. घेऊन जा आलीच आहेस तर. जानेवारीतला माझा एक फेरा वाचला."

ओत्ताविया स्टुलावर बसली आणि रडायला लागली. कोणाच्या मयतीला रडली नव्हती एवढी रडली, आपल्या शालीचं टोक तोंडात कोंबून. झाइराने तिला रडू दिलं. अधूनमधून घमेल्यात किटलीतलं गरम पाणी ओतत होती.

"गेल्या वर्षीची?" जरा वेळाने ओत्तावियाने विचारलं. "ती गोड होती म्हणतात."

"गोड? पाव लावून खाल्ली असती. पाणी फेकलं, नवं व्हिनेगर उकळून ओतलं. आठ दिवसांत ताळ्यावर आली. त्याच्या आदल्या वर्षीची खारट. ती तीन पाण्यांत भिजवली."

"आणि खाल्लीस?"

"मग काय शोकेसमध्ये ठेवू?"

"का पण? सगळं गाव टाकत होतं. पोटमाळ्यावर ठेवत होतं. तू कशाला एवढा खटाटोप केलास?"

झाइराने नाक शिंकरलं. "तुकडे," ती म्हणाली. "तू अजून आईसारखे कापतेस. सगळे एका मापाचे. मला ते कधी जमलं नाही, माझं गाजर एक बोटाएवढं तर दुसरं नखाएवढं. ते टाकवत नाहीत." आणि मग, आवाज न बदलता, "चव कधी गेली?"

हा प्रश्न तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. ओत्तावियाला उत्तर तयारच सापडलं, जिभेवर ठेवल्यासारखं.

"तापात. वास पण. काही काही कळत नाही, झाइरा. कॉफी आणि गरम पाणी सारखंच. घोट घेते आणि डोळा मिटते. आपणच मिटते."

"वाटलंच मला."

"गावाला पण?"

"गाव काय आंधळं आहे? त्या साली तू नाताळात फादरना करपलेलं मांस वाढलंस आणि वर विचारलंस, वास कसा सुटलाय." झाइराच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर होते चर्चच्या. सगळे तेच सांगत होते. हसत नव्हते. नुसते सांगत होते."

बाहेर एरमेतेने हाक मारली, जिवंत आहेत का दोघी. झाइराने त्याला एक शिवी घातली, तसा तो निघून गेला.

"तेरा परत आणल्या," ओत्ताविया म्हणाली. "सगळ्या ओतून टाकीन. या वर्षी बरणी नाही, असं सांगीन घरोघरी. पुढच्या वर्षीही नाही. झालं आता."

"आज तारीख काय?"

"अकरा."

"परवा केली तर नाताळाला चाळीस दिवस होतात," झाइरा म्हणाली. "माझ्या वाफ्यात फ्लॉवर आहे, बडीशेप आहे. मिरची नाही मिळणार, मिरचीचा मोसम गेला. गाव मिरचीशिवाय मरत नाही." तिने पाय घमेल्यातून काढले आणि पुसायला लागली. "माझी सर्दी उद्यापर्यंत उतरेल. नाही उतरली तर एक दिवस थांबू. नाक नसलेल्या दोघींनी पातेल्याशी उभं राहण्यात अर्थ नाही."

सर्दी दोन दिवसांनी उतरली. झाइरा फ्लॉवरची टोपली घेऊन ओत्तावियाच्या दारात आली आणि उंबऱ्याशी क्षणभर थांबली. अकरा वर्षांत तिने तो ओलांडला नव्हता. मग ती आत आली आणि काही न विचारता तळघरात उतरली. दोन्ही बुचं काढून हुंगली, बुधले ओढत ओढत आपापल्या जागी नेऊन ठेवले. व्हिनेगर डावीकडे, वाइन उजवीकडे, म्हणजे तळाला उरली होती तेवढी. वर येताना ओत्तावियाच्या एप्रनच्या लाल कापडाची चिंधी फाडून व्हिनेगरच्या मानेला बांधून आली. एप्रन नवा होता.

सकाळभर ओत्ताविया कापत राहिली. करंगळीचं पहिलं पेर, एकेक तुकडा. झाइराने फक्त फ्लॉवरचे तुरे मोडून दिले, सुरीला हात लावला नाही. रिकाम्या केलेल्या चौतीस बरण्या उकळून पंच्यावर पालथ्या घातल्या होत्या. त्यांतल्या चौदाच लागणार होत्या. बाकीच्या कोणी परत मागणार नव्हतं.

पातेल्यात व्हिनेगर चढलं. झाइराचे डोळे झोंबायला लागले तशी ती खोकली आणि खिडकी उघडली. पाणी घातलं, थांबली, आणखी घातलं. साखर, मिरी, तमालपत्र, मीठ. मीठ ओत्तावियाने टाकलं, हाताच्या सवयीने, आणि लगेच हात मागे घेतला.

झाइराने चमचा बुडवला, फुंकर घातली आणि घोट घेतला. ओत्ताविया पातेल्याकडे बघत नव्हती. ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती, लहानपणी दोघी आईच्या चेहऱ्याकडे बघायच्या तशी.

झाइराचा डावा डोळा मिटला. उजवा उघडा राहिला.

"आंबट बरोबर आहे," ती म्हणाली. आणि जरा थांबून, चमचा पुन्हा चाटून, "मीठ कमी आहे."

चुलीवर पाणी रटरटत होतं. ओत्तावियाने मिठाचा डबा ओढला.

"किती?"

"मूठभर. छोटी मूठ."

ओत्तावियाने मूठ धरली. झाइराने ती मूठ थोडी उघडून चार खडे परत डब्यात पाडले, तेव्हा ओत्तावियाने उरलेलं पातेल्यात सोडलं.

"त्या दिवशी पण कमीच होतं," ती म्हणाली. "आईच्या जेवणाला. बरण्या भरताना आई आतल्या खोलीत कण्हत होती. मीठ टाकायला गेले आणि तिने हाक मारली. मग राहिलंच."

"मला कुठे माहीत होतं ते," झाइरा म्हणाली. "मी नव्हतेच ना इथे."

झाइराने आणखी एक घोट घेतला, डोळा मिटला, मान हलवली. ओत्तावियाने गाजरं आधी सोडली आणि चार मिनिटं मोजायला घड्याळाकडे पाहिलं.